पुस्तक वाचून झाल्यावर मत कसे लिहावे: हौशी वाचकांसाठी

आमच्या उपनगरातील ग्रंथालयातून काही वर्षांपूर्वी मी एक ऐतिहासिक कादंबरी आणली होती. तिच्या ११२व्या पानावर ऐन लढाईत घोड्यावर बसलेला नायक जे दीड पानाचे भाषण करतो, त्याच्या शेजारी समासात कोणीतरी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिले होते: ‘एवढे बोलायला वेळ कुठे होता?’ त्याच पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वेगळ्या हस्ताक्षरात दुसरी नोंद होती: ‘अप्रतिम. प्रत्येकाने वाचलेच पाहिजे.’ ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहिणे हा अपराधच आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु पहिल्या नोंदीने मला त्या कादंबरीविषयी जे कळले ते दुसरीने कळले नाही, एवढे मात्र खरे. पहिला वाचक एका विशिष्ट पानावर थांबला होता, त्याला तेथे काहीतरी खटकले होते, आणि काय खटकले ते त्याने पाच शब्दांत सांगितले होते.

वर्षाकाठी दहा-पंधरा पुस्तके जे वाचतात, साहित्याचा रीतसर अभ्यास ज्यांनी केलेला नाही, आणि ‘कसे वाटले पुस्तक?’ या प्रश्नाला ‘चांगले आहे’ यापलीकडे काही उत्तर देता यावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. समीक्षा हा वेगळा उद्योग आहे आणि त्याला लागणारी तयारी माझ्याकडेही नाही. माझी नोकरी हिशेबाच्या खात्यात झाली, आणि व्हाउचर असल्याशिवाय खतावणीत नोंद करायची नाही हा तेथील नियम मी वाचनाच्या वहीलाही लावून घेतला. मताचे व्हाउचर म्हणजे पुस्तकातील जागा. ती दाखवता आली तर मत सौम्य असो की तिखट, ते लिहिण्यासारखे असते. ती दाखवता आली नाही तर ते मनातच राहू द्यावे.

वही आणि वरची चार ओळींची नोंद

साधी शंभर पानी वही घ्यावी आणि प्रत्येक पुस्तकाला समोरासमोरची दोन पाने द्यावीत. डावे पान वाचता वाचता केलेल्या टिपांसाठी, उजवे पान वाचून झाल्यावरच्या मतासाठी. मोबाइलमध्ये टिपणे ठेवणाऱ्यांशी माझे भांडण नाही. मात्र पाच वर्षांपूर्वीची टिपणे आज कोणत्या फोनमध्ये आहेत हे त्यांना विचारून पाहावे.

डाव्या पानावर सुरुवातीला पुस्तकाचे व लेखकाचे नाव, प्रकाशक, आवृत्तीचे वर्ष, पुस्तक कोठून मिळाले आणि वाचायला कधी घेतले, एवढे लिहावे. त्याखाली एक वाक्य असे लिहावे की हे पुस्तक आपण का उचलले: मित्राने भरीस घातले म्हणून, पुरस्कार मिळाल्याची बातमी वाचली म्हणून, किंवा ग्रंथालयात हवे ते मिळाले नाही म्हणून. हे वाक्य पुढे फार उपयोगी पडते, कारण पुस्तकाविषयीची आपली निम्मी नाराजी आपण काय अपेक्षा बाळगून बसलो होतो यातून आलेली असते, आणि ती अपेक्षा शेवटच्या पानापर्यंत आपण विसरून गेलेलो असतो.

आवृत्तीचे वर्ष लिहिणे नवख्याला खटाटोप वाटेल. त्याचे एक उदाहरण देतो. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवण्याच्या आशेने उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, आणि पुढे अनेक वर्षांनी त्यांनी ती हकिगत लिहून ठेवली. ‘माझा प्रवास’ या नावाने चिंतामणराव वैद्यांनी ती १९०७ मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा मजकुरावर त्यांनी आपला हात फिरवला होता. मूळ हस्तलिखिताला धरून असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. तेव्हा ‘गोडसे भटजींची भाषा मोठी सफाईदार आहे’ असे कोणी लिहिले, तर ही सफाई भटजींची की वैद्यांची हे आवृत्ती पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

वाचताना काय करावे

वाचताना फक्त पानांचे क्रमांक टिपावेत. आमच्या घरी जुन्या लग्नपत्रिका टाकून देत नाहीत. त्यांच्या कोऱ्या बाजूच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून मी एका डब्यात ठेवतो आणि पुस्तकागणिक एक पट्टी खूण म्हणून वापरतो. थांबावेसे वाटले की त्या पट्टीवर पान आणि दोन-तीन शब्द लिहायचे: ‘४७, आजीचे बोलणे’, ‘८३, पुन्हा तेच’, ‘१३०, येथे हसलो’. का हसलो, का कंटाळलो हे त्या वेळी लिहू नये, कारण तसे करू लागलो की वाचनाची लय मोडते आणि लेखकाशी वाद घालण्यातच संध्याकाळ निघून जाते. एका पुस्तकासाठी पंधराहून अधिक खुणा झाल्या तर आपण वाचत नसून तपासणी करत आहोत असे समजावे.

मलपृष्ठावरचा मजकूर आणि प्रस्तावना, शक्य असेल तर, शेवटी वाचाव्यात. मलपृष्ठ हे पुस्तक विकण्यासाठी लिहिलेले असते, आणि त्यातील ‘हृदयस्पर्शी’ हा शब्द एकदा डोक्यात बसला की हृदयाला स्पर्श झाला नाही तर आपल्यातच काही उणे आहे असे वाटू लागते. प्रस्तावनेचा धोका निराळा आहे. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची जी दीर्घ प्रस्तावना आहे ती इतकी भक्कम आहे की ती आधी वाचणारा माणूस कादंबरी कुरुंदकरांच्या चष्म्यातून वाचतो. नंतर वाचली तर मात्र तीच प्रस्तावना आपल्या मताशी झटापट करणारा चांगला सोबती होते.

पुस्तक संपल्यावर लगेच लिहायला बसू नये. एक रात्र जाऊ द्यावी. पण तीन दिवसांपेक्षा अधिक थांबूही नये, कारण चौथ्या दिवशी पुस्तक आठवत नाही, पुस्तकाविषयी आपण कोणाला तरी काय सांगितले तेवढेच आठवते.

प्रत्येक प्रकाराला वेगळा प्रश्न

येथे नवा वाचक सर्वांत जास्त अडखळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कादंबरी, आत्मकथन, कविता, नाटक, रहस्यकथा या सर्वांना एकच माप लावले की मत चुकते. कवितासंग्रहाला ‘कथानक कमकुवत’ असे कोणी म्हणत नाही, पण ललित निबंधांना ‘काही घडतच नाही’ असे म्हणणारे मी पाहिले आहेत, आणि कॉलेजात असताना मी स्वतः तसे म्हटलेले आहे.

कादंबरीसाठी माझा पहिला प्रश्न असा असतो की ही गोष्ट कोण सांगतो आहे आणि त्याचा आवाज मला शेवटपर्यंत खरा वाटला का. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली. तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द वाटेल तेथे वापरतो. मी ती प्रथम वाचली तेव्हा पट्टीवर तिसऱ्याच खुणेला ‘पुन्हा वगैरे’ असे वैतागून लिहिले होते, आणि संपादकाने हे कसे चालू दिले असा प्रश्नही त्याखाली टाकला होता. पुढे धाकट्या बहिणीच्या मृत्यूच्या भागाशी आलो, तेव्हा ध्यानात आले की हा मुलगा ज्या गोष्टी सरळ बोलू शकत नाही त्यांच्याभोवती तो हे शब्द कुंपणासारखे लावतो आहे. मग मागे जाऊन माझ्या खुणा पुन्हा पाहिल्या, आणि ज्याला मी दोष म्हणत होतो तोच त्या निवेदनाचा कणा असल्याचे मान्य करावे लागले. तरीही मधल्या काही भागांत हा आवाज मला लांबलेला वाटला, आणि तेही मी त्याच पानावर लिहून ठेवले आहे. एक गोष्ट पटली म्हणून दुसरी खोडण्याचे कारण नाही. कादंबरीत पुन्हा पुन्हा येणारी लकब दिसली की निकाल देण्यापूर्वी ती कोठे वाढते आणि कोठे गायब होते, हे खुणांच्या पट्टीवरून पाहावे, एवढी कृती यातून घेण्यासारखी आहे.

आत्मकथनाच्या बाबतीत एक पथ्य कटाक्षाने पाळावे: लेखकाच्या आयुष्याला गुण देऊ नयेत. सोसलेले दुःख मोठे म्हणून पुस्तक मोठे, असे होत नाही. आणि पुस्तकात उणीव दाखवली म्हणून त्या दुःखाचा अवमानही होत नाही. प्रश्न विचारायचा तो सांगण्याविषयी. कोणाला उद्देशून सांगितले आहे, आणि सांगणारा स्वतःकडे किती अंतरावरून पाहतो? लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी वडिलांचे सोवळ्याचे वेड, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, १८९५ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट हे सारे असे सांगितले आहे की अत्यंत अवघड प्रसंगातही त्यांना स्वतःवर हसता येते. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) योजना अगदी निराळी आहे, तेथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार या शिकलेल्या, लिहित्या माणसाला सांगतो, म्हणजे एकच माणूस दोन ठिकाणी बसलेला आहे. ही योजना लक्षात न घेता ‘बलुतं’वर लिहिले तर फक्त प्रसंगांची यादी उरते. मी दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचली, हा केवळ ग्रंथालयातील कपाटाचा योगायोग होता. पण त्यामुळे हसत सांगणे आणि दुसऱ्या स्वतःला सांगणे या दोन तऱ्हा शेजारी ठेवून पाहता आल्या. नवख्याने एका प्रकारातील दोन पुस्तके अशी जोडीने वाचावीत. दुसरे पुस्तक पहिल्याविषयी बरेच बोलते.

पौराणिक आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या चाहत्यांना राग येण्याची शक्यता गृहीत धरून पुढचे लिहितो. या पुस्तकांवर मत देताना आपण बहुधा नायकावर मत देत असतो. कर्ण आवडतो म्हणून ‘मृत्युंजय’ आवडते, माधवराव आवडतात म्हणून ‘स्वामी’ आवडते. नायकाला घटकाभर बाजूला ठेवून पाहावे. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण हेही आपापल्या तोंडाने बोलतात. घरातील कोणाला तरी यातील एखादा परिच्छेद नाव न सांगता वाचून दाखवायला सांगावा आणि कोण बोलतो आहे ते ओळखता येते का पाहावे. प्रसंगाच्या खाणाखुणांवरून ओळखले तर ते धरायचे नाही. बोलण्याच्या ढंगावरून ओळखता आले पाहिजे. मला हे फारसे जमले नाही: सगळेच जण एकाच भरजरी मराठीत बोलतात असे मला वाटले, आणि तरीही शेवटच्या भागाने मला जागे ठेवले हेही खरे आहे. दोन्ही वाक्ये वहीत एकाखाली एक आहेत. योगायोगाने त्याच १९६७ साली इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ही आले. महाभारतातील व्यक्तींकडे इतक्या कोरड्या, जवळजवळ निष्ठुर नजरेने पाहता येते हे ते वाचून कळते, आणि मग आपल्याला नेमके काय हवे होते, भव्यता की तपासणी, हे स्वतःशी ठरवता येते.

रहस्यकथेविषयी मत नोंदवायला लाजू नये. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांच्या धनंजय, झुंजार, काळा पहाड यांनी मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या आजोबांनी ती पुस्तके अभ्यासाच्या वहीत लपवून वाचली असतील. येथे प्रश्न सोपा आहे: लेखकाने शेवटी जे उघड केले ते मला आधी दिसू शकेल अशा ठिकाणी ठेवले होते का, की ऐन वेळी खिशातून काढले? मागे जाऊन ते पान सापडले तर लेखक प्रामाणिक आहे. पान क्रमांक मात्र वहीतच ठेवावा. तो दुसऱ्याला सांगू नये.

विज्ञानकथेचा विषय निघाला की मला जयंत नारळीकरांची गोष्ट आठवते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी आपली ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून बेतलेले हे नाव होते, आणि हेतू हा की परीक्षकांवर आपल्या प्रसिद्धीचे दडपण येऊ नये. कथेला पहिले बक्षीस मिळाले. वाचकाला अशी सोय नसते, पण निदान अर्ध्या पुस्तकापर्यंत वर्तमानपत्राचे वेष्टण घालून लेखकाचे नाव झाकता येते. हे पोरकट वाटेल. मी दिवाळी अंकांवर हा प्रयोग करतो: अनुक्रमणिका न पाहता अंक मधूनच उघडायचा, कथेचे शीर्षक आणि लेखकाचे नाव पोस्टकार्डाने झाकायचे, कथा वाचायची, मत लिहायचे आणि मग नाव पाहायचे. दोन वेळा माझी चांगलीच फजिती झाली, पण त्या दोन्ही वेळी माझे मत मी बदलले नाही. अनेक प्रकारांची ओळख करून घ्यायला दिवाळी अंकासारखे स्वस्त साधन नाही; काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून कथा, कविता, प्रवासवर्णन आणि वैचारिक लेख एकाच वेष्टणात मिळत आले आहेत.

कवितेला घाई चालत नाही. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी टिपून ठेवली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. जी ओळ ओठांवर जन्मली ती डोळ्यांनी वाचून मत देणे म्हणजे वासावरून भाजीचे मीठ सांगणे. मोठ्याने वाचावे, खानदेशाकडचा कोणी ओळखीचा असेल तर त्याच्याकडून वाचून घ्यावे, आणि संपूर्ण संग्रहावर मत देण्याऐवजी एका कवितेवर द्यावे.

नाटक वाचताना कंसातील सूचना गाळू नयेत. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त विदर्भातील खेड्यातल्या देशपांडे घराण्याची गोष्ट आहे, वडील गेले आहेत, तेराव्याचा खर्च डोक्यावर आहे, आणि एक निकामी ट्रॅक्टर तेथे नुसता उभा आहे. फक्त संवाद वाचणाऱ्याला हे नाटक पैशाच्या भांडणाचे वाटेल. तो ट्रॅक्टर डोळ्यांसमोर ठेवून वाचणाऱ्याला ते तसे वाटत नाही.

दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’सारखे ललित लेखन मी पूर्वी दोन दिवसांत वाचून ‘वर्णने फार’ असा शेरा मारला होता. पुढे त्यातील एकेक लेख त्या त्या महिन्यात वाचला, चैत्राचा चैत्रात आणि आषाढाचा आषाढात, आणि वर्षभर आमच्या गल्लीतील झाडांची नावे विचारत फिरलो. हा सल्ला सर्वच ललित लेखनाला लागू पडतो असे मी म्हणत नाही. काही ललित लेख एका बैठकीतही लांबच असतात.

राहिले अनुवाद. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या मराठी वाचकांनी आपल्याशा केल्या त्या उमा कुलकर्णी यांच्यामुळे. पती विरुपाक्ष कन्नड मजकूर वाचून दाखवत आणि त्या ऐकून मराठीत उतरवत, ही त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे, आणि त्यांच्या वाक्यांना बोलण्याची जी लय आहे तिचे मूळ मला या ऐकण्यातच दिसते. अनुवादित पुस्तकावर लिहिताना अनुवादकाचे नाव लिहिलेच पाहिजे, आणि एखादे वाक्य खडबडीत लागले तर ते पट्टीवर टिपून घ्यावे. अशी वाक्ये दर दोन पानांना येऊ लागली तर पुस्तकाविषयीचे मत राखून ठेवावे. तुम्ही मूळ पुस्तक अजून वाचलेलेच नाही.

आपला दोष की पुस्तकाचा

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) ही लहानशी कादंबरी मी प्रथम लोकलमध्ये उभ्याने, सकाळ-संध्याकाळ मिळून दोन दिवसांत संपवली. युरोपातून निघालेल्या बोटीवर एक मराठी तरुण आणि जर्मनीतून बाहेर पडावे लागलेली एक ज्यू तरुणी भेटतात, दुसरे महायुद्ध उंबरठ्यावर आहे, आणि प्रवासाला शेवट आहे हे दोघांनाही ठाऊक आहे. माझ्या वहीत उजव्या पानावर तेव्हाचे एकच वाक्य आहे: ‘उरकल्यासारखी वाटली.’ काही वर्षांनी आजारपणात घरी पडून ती पुन्हा वाचली, तेव्हा उरकली होती ती मीच, हे लक्षात आले. बोटीवरचे दिवस मोजलेले असतात आणि कादंबरीचा आटोपशीरपणा त्यातून आलेला आहे.

म्हणून उजव्या पानावर मत लिहिण्याआधी डाव्या पानाच्या तळाशी मी एक ओळ लिहितो: कोठे वाचले, किती तुकड्यांत वाचले, आणि त्या दिवसांत माझे काय चालले होते. दाढदुखीत वाचलेल्या विनोदी पुस्तकाला मी दोनदा अन्याय केला आहे. ‘मला आवडले नाही’ आणि ‘लेखकाला जमले नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि दुसरे लिहायचे असेल तर पट्टीवरच्या निदान तीन खुणा त्याच्या बाजूने साक्ष देणाऱ्या असाव्यात.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचीही नोंद करावी, मात्र कोणत्या पानावर सोडले ते सांगून. मी ६० पाने देतो. त्याहून जास्त दिली तर वाया गेलेल्या वेळाचा राग पुस्तकावर निघतो. अर्धवट पुस्तकावर फक्त वाचलेल्या पानांविषयी लिहावे आणि शेवटाविषयी तर्क करू नये.

प्रत्यक्ष लिहिताना

उजव्या पानावर दीडशे शब्द पुरतात. आधी पुस्तक काय आहे ते दोन वाक्यांत, गोष्ट न फोडता. कथानकाचा पहिला चतुर्थांश सांगायला हरकत नाही, त्यापुढचे वाचकाचे आहे. मग एक जागा, जी तुम्हाला धरून ठेवणारी वाटली किंवा खटकली, तिचे जवळून वर्णन. मग मत. शेवटी हे पुस्तक कोणाला द्याल आणि कोणाला देणार नाही, त्या माणसाचे नाव मनात धरून एक वाक्य. ‘सर्वांनी वाचावे’ असे पुस्तक मला अजून भेटलेले नाही.

काही शब्दांवर मी स्वतःपुरती बंदी घातली आहे: अप्रतिम, वाचनीय, संग्राह्य, ओघवती भाषा, खिळवून ठेवणारे, मनाचा ठाव घेणारे. हे शब्द वाईट नाहीत, पण ते कोणत्याही पुस्तकाला चिकटतात. ‘ओघवती भाषा’ लिहावेसे वाटले की मी एक ओघवते वाक्य पुस्तकातून वहीत उतरवून घेतो. निम्म्या वेळा उतरवताना ते तितकेसे ओघवते नसल्याचे दिसते. तारे किंवा गुण देण्याची पद्धतही मी सोडली, कारण कवितासंग्रहाला साडेतीन आणि रहस्यकथेला साडेतीन दिले तर त्या दोन साडेतीनांत साम्य काय, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

नमुन्यादाखल माझ्या वहीतील एक नोंद, जशीच्या तशी: ‘बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकर. ग्रंथालयाची प्रत, शेवटची पाने सैल. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर नेमला जातो आणि शाळेसाठी मुले गोळा करू पाहतो. कॉलेजात वाचली तेव्हा काही घडत नाही असे लिहिले होते. या वेळी घडत होते ते दिसले: लोक मास्तरला आपला मानतात, आणि ते कोणत्या पानावर झाले ते सांगता येत नाही. वाक्ये आखूड, विशेषणे मोजकी. बायकांविषयी अधिक वाचायला आवडले असते. नव्याने खेड्यात बदली झालेल्या भाच्याला द्यावी. शहरात बसून खेड्याचे गोडवे गाणाऱ्या शेजाऱ्यांना आधी द्यावी.’ यात सुधारण्यासारखे बरेच आहे. ‘कोणत्या पानावर झाले ते सांगता येत नाही’ हे वाक्य तर माझ्याच नियमाविरुद्ध जाते, पण खरे होते म्हणून ठेवले.

दुसऱ्यांदा वाचल्यावर जुनी नोंद खोडू नये. वेगळ्या रंगाच्या शाईने त्याच पानावर खाली लिहावे आणि तारीख घालावी.

एक शेवटची व्यवस्था. पुस्तक स्वतःचे असेल आणि ते कोणाला वाचायला द्यायचे असेल, तर आधी त्यातील पट्टी काढून वहीत चिकटवावी आणि उजवे पान लिहून टाकावे, नाहीतर पुस्तकाबरोबर मतही जाते. वहीची शेवटची चार पाने मी उसन्या दिलेल्या पुस्तकांसाठी राखली आहेत: पुस्तक, दिल्याची तारीख, आणि परत आल्यास तारीख. त्या शेवटच्या रकान्यात सध्या दोनच नोंदी आहेत.